शब्दांच्या जाती

घोरपडे पेठेतली शाळा दिवसा पोरांची, रात्री आमची.
बाक तिसरीच्या मापाचे.
गुडघे वर येतात, वही गुडघ्यांवरच बसते.

सात वाजता अंबिके मॅडमनी फळ्यावर लिहिलं,
शब्दांच्या जाती : आठ.
आणि वर्ग गप्प झाला.
ट्यूब तेवढी टकटकत राहिली.

मागच्या बाकावर सटवाजी. मार्केट यार्डात हमाल,
अंगाला अजून कांद्याच्या गोणीचा वास.
म्हणाला, मॅडम, ह्यांनापण?

मॅडम हसल्या नाहीत.
खडू खाली ठेवला, परत उचलला,
म्हणाल्या, पुस्तकात तसंच छापलंय.

मी दिवसभर गुलटेकडीच्या गोडाऊनमध्ये कागद निवडते.
पांढरा वेगळा, पुठ्ठा वेगळा, चमकीचा वेगळा,
दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर.
आठ ढीग माझेपण होतात, दिवाळीत नऊ.
म्हणून नाम, सर्वनाम, विशेषण पटकन जमलं.
क्रियापद तर हातांना ठाऊकच होतं :
उचल, फाड, झटक, बांध.
केवलप्रयोगी म्हणजे
गोणीत काच लागल्यावर तोंडातून जातं ते.
बरोबर, म्हणाल्या मॅडम,
पण तुमचं उदाहरण परीक्षेत लिहू नका.

अडले मी 'वर'पाशी.
टेबलावर वही : शब्दयोगी.
पतंग वर गेला : क्रियाविशेषण.
वर अजून मांडवात आला नाही : नाम.
एवढासा शब्द, आणि तीन ढिगांत.
मी विचारलं, मग टाकू कुठं?

सुटा हातात घेऊन विचारू नका, त्या म्हणाल्या.
वाक्यात बसवा. तिथं तो काय काम करतो बघा.
जात कामावरून ठरते.
वाक्य बदललं की जातही बदलते.

कामावरून, हे आमच्या आज्यालापण सांगितलेलं,
सटवाजी म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.
फक्त त्याला दुसरं वाक्य
कुणी दिलं नाही.

स्वारगेटला एक एसटी मागं येत होती,
तिची शिट्टी आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली.
मॅडमनी डस्टर घेतलं, 'जाती' पुसलं,
'प्रकार' लिहिलं.
तेव्हा बेकरीतला इलाही घाबरून म्हणाला,
राहू द्या ना मॅडम,
पेपरात 'जाती' आलं तर आम्हाला कळायचं कसं?
तेव्हा मात्र हसलो आम्ही. सटवाजीपण.
मॅडमनी दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले.
पुसलेला जरा भुरका दिसत होता.

पुढच्या आठवड्यात प्रयोग आले.
कर्तरी ठीक. पोरगी भाकरी करते, पोरगी दिसते.
दुसऱ्या तऱ्हेत मात्र भाकरी केली जाते,
ताटात पडते, गरम असते,
आणि चुलीपाशी कुणीच नाही.
मी म्हणलं, मॅडम, करणारी गेली कुठं?
म्हणाल्या, सांगितलेली नाही. पण असते.
मी ते वहीत तसंच उतरून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या, पट्टी न लावता.

सकाळी सातारा रस्त्यानं ढकलगाडी नेताना
एका सोसायटीच्या फाटकावर पाटी दिसली.
रोजच दिसत असणार, वाचली त्या दिवशी :
'येथील कचरा दररोज उचलला जातो.'
ऱ्हस्व-दीर्घ बरोबर. पूर्णविराम जागेवर.
मी थांबले, गाडीला दगड लावला.
खिशात गोण्यांवर आकडे टाकायचा मार्कर होता.
वॉचमन नळावर तोंड धूत होता.

पूर्णविरामाच्या पुढं थोडी जागा होती,
तिथं लिहिलं, कुणाकडून?

'णा'चा काना वाकडा गेला.
प्रश्नचिन्हाचं टिंब जरा जास्तच मोठं पडलं,
मार्कर जाड, त्याला मी काय करणार.