मध्यम जर्मन, मंगळवारी नऊ वाजता

अ‍ॅबर्डीनला डिसेंबरात नऊ वाजले तरी धड उजाडलेलं नसतं.
तिसऱ्या मजल्यावरची खोली, कण्हणारा हीटर,
खिडकीबाहेर कठड्यावर एक सीगल,
फी न भरता वर्गाला बसलेला.

आम्ही सात जण. ना नवशिके, ना जाणते.
गेल्या वर्षी नुसतं नाव सांगितलं तरी शाबासकी मिळायची.
आता कॉफी मागता येते,
पण ती गार का, म्हणून भांडता येत नाही.
मधल्या पातळीची हीच गत:
पोहता येतं म्हणून कुणी हात देत नाही
आणि काठ दोन्हीकडे सारखाच लांब.

विब्के हार्म्स बाई सांगतात, थांबायला शिका,
क्रियापद शेवटी येईल.
इशबेल उसासे टाकते, ऊग्ने पेन चावते.
मला त्यात नवल वाटत नाही.
मी जिथून आले तिथली माणसं
वाक्य संपेपर्यंत हो की नाही ते कळूच देत नाहीत.
आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी,
म्हणून फिनले हटून बसला, तेव्हा मी गप्प राहिले.
आम्हीही म्हणतोच की:
ते पोर. गुणी आहे बिचारं.

सगळ्यांत मागे रॅनल्ड गेडिस. वय सदुसष्ट.
तीस वर्षं उत्तर समुद्रात,
तेलाच्या फलाटांवर पंप दुरुस्त करत.
त्याची शब्दांची वही अजून त्याच वळणाची:
शब्द, लिंग, अनेकवचन,
तपासल्याची तारीख, सही.
लेक कीलला असते. नात, येट्टे, चार वर्षांची.
"यंदा आम्ही दोघं एकाच इयत्तेत," तो म्हणतो,
"पुढच्या वर्षी ती वर जाईल,
मी बहुतेक इथेच."

मागच्या आठवड्यात गृहपाठ होता 'असतं तर'चा.
फिनलेकडे गाडी असती तर तो आल्प्सला गेला असता.
इशबेल श्रीमंत असती तर झोपली असती.
रॅनल्डने एकच वाक्य लिहिलं.
मी तेव्हा समुद्रावर नसतो,
तर माझ्या मुलीचा पहिला शब्द मी
ऐकला असता.
वाक्यातली सगळी क्रियापदं आपापल्या जागी,
बूट काढून ओळीने ठेवावेत तशी.
बाई बराच वेळ कागद धरून उभ्या होत्या.
मग त्यांनी लाल पेनने
फक्त एक स्वल्पविराम घातला.

आज पाळी तुटणाऱ्या क्रियापदांची.
अर्धं इथे, अर्धं पार वाक्याच्या टोकाला.
फोन करणं म्हणजे 'रूफन', आणि शेवटी एवढंसं 'आन'.
ते विसरलं तर फोन होत नाही,
नुसती हाक होते.

रॅनल्ड हसला. म्हणाला, रविवारी हेच झालं.
मी येट्टेला म्हटलं, इश रूफं दिश येडन झोनटाग,
मला म्हणायचं होतं, मी दर रविवारी तुला फोन करतो.
ती पडद्याला नाक चिकटवून म्हणाली,
ओपा, ओरडतोस कशाला, मी इथेच आहे.
मग तिला कळलं माझं काय राहिलं ते.
"आन," ती म्हणाली. "आन, ओपा, आन!"
हात पुढे करून,
जणू माझ्याच खिशात पडलंय.

वर्ग हसला. सीगल उडून गेला.
मला त्यांना सांगायचं होतं
की माझ्या गावाकडे पोरं अगदी असंच म्हणतात,
तळहात पसरून, आन,
आणि मग आपल्याकडे असेल ते
द्यावंच लागतं.
पण एवढं सांगण्याइतकं जर्मन
मला अजून
येत नाही.