हातचा

पट्टा आधी ओला करावा लागतो.
पुस्तिकेत लिहिलंय, नळाचं पाणी.
तू थुंकी लावायचास, मी नाक मुरडायचे.
आता मीही थुंकीच लावते.
छातीखाली तो गार बसतो, मग अंगाचा होतो,
आणि मनगटावर एक काळं, पिटुकलं हृदय
उघडझाप करू लागतं.
बाहेर उणे चौदा.

कुहमोच्या या दिव्यांच्या वाटेवर
साडेतीनलाच रात्र असते, ताइस्तो, तुला ठाऊक आहे.
बर्फातल्या दोन चरांत स्की सोडते,
सर सर, सर सर,
९८, १०४, १११,
आणि चढणीवर वाकड्या पाइनपाशी
घड्याळ कोकलतं.
ती मर्यादा तू घातलेली. इस्पितळातून आल्यावर,
डॉक्टरांनी दोनदा बजावल्यावर.
एकशे सव्वीसच्या वर गेलास की थांब.
मी थांबते.
माझा दम शाबूत असतो, पाय तयार असतात,
तरी तुझ्या हृदयासाठी मी थंडीत उभी राहते.
एकदा ओरडलेही,
अरे, हे माझं आहे, याला अजून चढ आवडतो!
फांदीवरचा बर्फ तेवढा पडला.

सहा किलोमीटर, चारशे बारा कॅलरी.
तू म्हणायचास, आज एक कानफटीत कमावली.
(आमच्याकडे दालचिनीच्या पावाला हेच नाव आहे,
आणि तू तो खायचासही
कुणी हिसकावून नेईल असा.)

नात म्हणाली, आजी, हे आकडे खोटे आहेत.
याला वाटतंय तू पुरुष आहेस,
अठ्ठ्याऐंशी किलोचा.
मी विचारलं, उंच?
एकशे एक्क्याऐंशी.
म्हटलं, राहू दे.
तिने भुवई उडवली, सॉक्स वाळत घातले.
तिला नाही सांगितलं की
घड्याळाला तुझं जन्मसाल माहीत आहे,
त्यामुळे आत तू म्हातारा होतच राहिलास.
गेल्या मार्चमध्ये पंचाहत्तर.
ना केक, ना पाहुणे,
उजळणारा एक पडदा
आणि त्यावर अभिनंदन.

फेब्रुवारीत बॅटरी मेली, ऐन वाटेवर.
दुकानातल्या याल्मारीने नवी बसवली
आणि घड्याळ सगळं विसरलं.
कोरं होऊन विचारू लागलं.
स्त्री की पुरुष?
जन्मसाल?
वजन?
पोराने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.
माझा अंगठा बटणावर, आणि अठ्ठ्याऐंशी
जिभेच्या टोकावर.
सत्तावन्न, मी म्हटलं. मोठ्याने. जणू कबुलीजबाब.
वरची मर्यादा?
काही नको.

तीच वाट, तोच बर्फ, तेवढाच घाम.
दोनशे त्रेसष्ट.
आता बरोबर दाखवतंय, याल्मारी म्हणाला होता.
औषधाच्या पावतीमागे मी वजाबाकी केली,
दोनातून तीन जात नाहीत,
शेजारून एक उसना घ्या,
दोनदा केली, उत्तर तेच,
एकशे एकोणपन्नास.
चार हिवाळे हे रोज कोण जाळत होतं?
शाळेत बाई सांगायच्या, हातचा विसरू नका,
डोक्यावर बारीक अक्षरात लिहून ठेवा.
ती पावती फ्रिजवर लावली आहे.
नातीला वाटतं, औषधं आणायची आहेत.

आज पुन्हा निघाले.
थुंकी, पट्टा, चर.
चढणीवर वाकडा पाइन आला,
घड्याळ गप्प.
एकशे एकतीस, नुसतं दाखवतंय, बोलत नाही.
तरी मी थांबले.
नाकातला वारा दुखेपर्यंत उभी राहिले.
एकशे चोवीस.
एकशे एकोणीस.
पट्टा जरा सैल झालाय, घरी जाऊन टाका घालायला हवा.
मग काठ्या रोवल्या,
आणि वर.