खालच्या फण्या

अजिंठा चौफुलीपाशी, बेअरिंगच्या दुकानावर आमचं ऑफिस.
कूलरमध्ये पाणी कोणी घालायचं, हे मी ठरवते.
स्क्रम मास्टर म्हणून हातात आलेली
एवढीच काय ती सत्ता.

समोर लीलाधर फेगडे, सावद्याचे.
बावीस वर्षं केळीच्या गाड्या भरल्या,
आता केळी-कटाईच्या ॲपचे प्रॉडक्ट ओनर.
शेठनी छापून दिलेलं कार्ड पाकिटात,
लग्नाच्या फोटोमागे.

त्यांच्या यादीत एकशे चौदा कामं
आणि प्रत्येकापुढे एकच शेरा: पहिलं.
"कसं हे ना ताई,
रावेरहून शेठचा फोन येतो,
चिनावलहून मुकादमाचा,
निंभोऱ्याचा तो म्हातारा तर पहाटे पाचला लावतो.
आता कोणाला नाही म्हनू?"

पहिला महिना मी स्लाइड दाखवल्या.
त्रिकोण, बाण, एका बाजूला मूल्य, एका बाजूला कष्ट.
ते मान हलवत राहिले,
सोयऱ्यांकडचा फिका चहा पिताना हलवतात तशी.

दुसऱ्या महिन्यात यादी मीच लावून दिली,
रात्री जागून, रंग भरून.
चांगली लागली. तेच वाईट झालं.
पोरं मलाच विचारायला लागली, "हे आधी की ते?"
आणि फेगड्यांची खुर्ची
टेबलापासून वीतभर मागे सरकली.
ती वीत माझी होती.

मग गप्प बसायला शिकले.
तव्यावरून थेट तोंडात घेतलेल्या घासासारखं
उत्तर जिभेवर,
थुंकता येत नाही, गिळवत नाही,
डोळ्यांत पाणी.

मे महिन्यात त्यांच्या भावाच्या बागेत गेलो.
बाग नुकतीच निसवलेली.
बाहेर पंचेचाळीस, आत पानांखाली ओलसर हिरवा अंधार.
बोलता बोलता त्यांनी विळा घेतला,
केळफूल मोडलं,
घडाच्या खालच्या दोन फण्या काढून
बांधावर टाकल्या.

"या का काढल्या? चांगल्या तर होत्या."

"चांगल्या होत्या, म्हनून तर हात अडतो.
पन सगळ्या ठेवल्या का एकही भरत नाही भो.
घड दिसतो मोठा,
काट्यावर चढवला का पोकळ."

"किती ठेवायच्या, हे कोण ठरवतं?"

"झाडाची कंबर पाह्यतो.
माल कुठं जायचा ते पाह्यतो.
मंग मीच ठर..."

तिथे थांबले.
लांब कुठेतरी मोटर चालू होती.
हातातल्या फणीचा चीक सदऱ्यावर ठिबकत होता,
तो डाग आता निघायचा नाही,
हे दोघांनाही माहीत होतं.
'तेच तर!' एवढे दोन शब्द
मी गिळले.
सहा वर्षांच्या नोकरीत
यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.

सोमवारी यादीत एकतीस कामं उरली.
तीही जास्तच.
माझा लाडका आलेख, आठवड्याचा, तीन रंगांतला,
तोही बांधावर गेला.
"ताईंचं हे, चांगलं हे, पन आता नको,"
पोरांसमोर, माझ्याकडे न बघता.
मला लागलं. 
लागायलाच हवं होतं बहुतेक.

दुपारी शेठचा फोन आला.
फेगडे जिन्यात गेले, बराच वेळ गेले.
काय बोलले ते मला माहीत नाही.
परत आले तेव्हा कान लाल,
उभ्यानेच दोन तांबे पाणी प्यायले
आणि बसताना खुर्ची
करकरत पुढे ओढली.

सात नंबरवर मात्र त्यांच्या साडूचं काम आहे.
पाहिलंय मी.
हळूच वर सरकवलंय, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं.

विचारायचंय त्याबद्दल.
कसं विचारायचं, ते अजून सापडलेलं नाही.
कूलर नुसतीच गरम हवा फेकतोय,
आणि आज पाळी कोणाची,
हे कोणीच मला विचारत नाहीये.