पाठीतलं पाणी

पावणेतीनला इंदूमावशी खिडकीवर येते,
पदराखाली तीन नळ्या, उबेतली अंडी आणावीत तशा.
"पाठीतलं पाणी हाय, घरतसाहेब.
पिंगळे डॉक्टर म्हनले पळत जा, म्हनून पळाले."
चिकटपट्टीवर घाईचं अक्षर:
रुद्रांश धोत्रे, सात महिने, खाट अकरा.

नळी ट्यूबलाइटखाली धरतो.
पाणी नितळ असलं तर मागं धरलेला पेपर वाचता येतो.
आज वाशीच्या बाजारभावाचं पान आहे.
कांदा दिसत नाही, लसूण दिसत नाही.
नुसतं तांदळाचं धुवण.

माझी आई भाऊच्या धक्क्यावर
विकणाऱ्याच्या शपथेवर कधी गेली नाही.
कल्ला उघडायची, बोटानं डोळा दाबायची.
मासा काय बोलणार, म्हणायची, तो गेला.
खूण बोलते.

आणि हे पाणी तरी केवढं!
पोराला धनुष्यासारखं वाकवून
दोन मणक्यांच्या मधून थेंब थेंब उतरवलेलं.
बाहेर बाकावर त्याची आई, वडाळ्याची मंजुळा.
चार दिवस टाळू वर आलेली;
उष्णता म्हणून ती त्यावर तेल थापत होती.
पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं,
असं तिला कुणीतरी सांगितलंय.
कुणीतरी नेहमी सांगतंच.

तासाभरात पेशी विरघळू लागतात, म्हणून आधी त्या.
चौकटीत मोजतो. चौदाशे.
बहुतेकींचं केंद्रक तीन-चार तुकड्यांचं,
म्हणजे लढायला धावून आलेल्या.
मग साखर.
त्याच वेळी काढलेल्या रक्तात शहाण्णव,
पाण्यात अठरा.
प्रथिनं भरमसाठ.
लॅक्टेट सहा पूर्णांक आठ:
कुणाचं तरी जेवण झाल्यावर मागं उरलेला आंबटपणा.

काच रंगवतो. जांभळा, आयोडीन, स्पिरिट, लाल.
डोळा लावून शंभर जागा फिरतो.
जंतू नाही.
एकही नाही.
वस्तीतल्या डॉक्टरनं दोन दिवस गुलाबी औषध पाजलंय;
ते त्यांना पुरतं मारत नाही,
घरात दडवून ठेवतं.

फोन लावतो.
"जंतू?" पिंगळे विचारतात. आवाजाला झोप नाही.
"दिसत नाही," मी म्हणतो.
कागदावर माझं काम इथं संपतं.
"पण डॉक्टर, साखर कुणीतरी खाल्लीय."
पलीकडे काही क्षण पंख्याची घरघर,
मग कपाटाची किल्ली,
मग कुपीची मान मोडल्याचा बारीक टक्.

बाराव्या दिवशी मंजुळा खिडकीशी उभी,
पोर खांद्यावर, टाळू सपाट, तेलानं चकचकीत.
हातात कल्चरचा कागद. कारकुनानं वाचून दाखवलाय:
वाढ नाही.
"काहीच नव्हतं ना त्या पाण्यात?
मग उगा का हो टोचलं लेकराला?"

अठरा आणि शहाण्णव तिला कसं सांगू?
रिकाम्या डब्यावरून मुंगी ओळखायची असते,
हे तिला तिच्या घरात ठाऊक असेलच,
पण सकाळचे दहा वाजलेत, मागं रांग आहे,
आणि मला वेगळंच काही बघायचंय.

या आजारातून उठलेल्या पोरांचे
कान कधी कधी मागं राहतात.
मी खिडकीच्या गजावर पेन वाजवतो,
हळूच, एकदा.
तो आईच्या गळ्यातला काळा मणी चघळतोय.

पुन्हा वाजवतो.