रेघ

चौकटीवर तीन रेघा असायला हव्या होत्या,
श्रावणातली, दिवाळीतली, संक्रांतीतली.
आहे एकच.
तिच्यावरच दुसरी, तिच्यावरच तिसरी,
नुसती काळी होत गेलेली.

रेवण, तुझी चड्डी दोन वर्षं जुनी.
"बरं की मग, पैसे वाचले,"
म्हणाला तुझा शहापूरचा मामा,
आणि तुझी आई उठून आत गेली,
घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली.

तुला काय चालतं ते मला पाठ आहे.
भात, पण वाफ गेलेला.
दूध साय गाळून, स्टीलच्या पेल्यात, निळ्या नाही.
भाकरीचा वरचा पापुद्रा, त्यावर डाग नको.
कुंद्याच्या डब्याचा वास चालतो, कुंदा नाही.

भाताला आमटी लागली की संपलं.
बोटानं ताटात हद्द आखतोस,
अलीकडं भात, पलीकडं बाकीचं जग.
आमच्या भागात हद्दीपायी माणसं म्हातारी झाली,
पण तुझ्याइतकं ठाम कुणाला बघितलं नाही.

अंगणवाडीच्या अक्कोरांनी तुला झोळीत टांगलं.
काटा थरथरला, थांबला.
चार वर्षांचा, अकरा किलो चारशे.
कानडी तक्त्यावर त्यांनी टिंब दिलं,
पिवळ्या पट्ट्यात, लालच्या अगदी कडेला.
मला कानडी अक्षरं अडखळत वाचता येतात,
रंग सरळ वाचता येतात.

डॉक्टर म्हणाले, रक्त चांगलं आहे, पोट चांगलं आहे,
जबरदस्ती तेवढी करू नका.
मी मान हलवली.
सांगितलं नाही की एकदा
तुझं नाक दाबलं होतं मी.
तोंड उघडलं, घास आत गेला,
आणि तू गिळला नाहीस.
गालात धरून माझ्याकडं बघत बसलास,
अर्धा तास तरी.
शेवटी मी तळहात पुढं केला.
तू तो परत दिलास,
अख्खा. अजून कोमट.

शेजारच्या गौरव्वाकडून एकच शब्द उचललास, "साकु".
मराठीत "पुरे" कधी म्हणाला नाहीस.
तीच विचारते कुंपणावरून, "ह्ये काय खाऊलालंय की नाही?"
आम्ही दोघंही मागं वळून बघतो,
जणू दुसऱ्याच कुणाच्या पोराबद्दल विचारलंय.

परवा आई दवाखान्यात म्हणून
तुला वडगावला मागावर घेऊन गेलो.
दुपारी लाईट गेली.
चोवीस माग एकदम गप्प झाले,
कान दुखावेत एवढी शांतता.
मल्लेशप्पानं फडकं सोडलं,
कडक रोट्टी, शेंगाचटणी.
खायला लागला, खिडकीबाहेर बघत,
कड् कड् आवाज करत.
तुझं माझं अस्तित्वच नाही असं.

तू सरकत सरकत गेलास.
त्याच्या गुडघ्यापाशी बसलास.
हात पुढं केलास, आणि त्यानं तुकडा ठेवला,
चटणी लागलेला.
"तिखट आहे रे" माझ्या ओठापर्यंत आलं.
मी मागाची कड धरली, दातावर दात धरले,
एका तुटलेल्या धाग्याकडं बघत राहिलो
जसा काही तोच जोडायचा आहे.

कड्.
मग पुन्हा, कड्.

"इन्ना बेकेनु?" म्हातारा बाहेर बघतच म्हणाला.
"साकु."
लाईट आली. धोटे धावायला लागले.

रात्री तुझ्या आईला सांगितलं.
"केवढा?"
मी अंगठ्यानं पेरावर खूण दाखवली.
तिला पटलं नाही, दिवा लावला,
झोपलेल्या तुझी मूठ उघडली, नाकाशी धरली.
लसूण. शेंगदाणा. जरा वंगण.
ती तशीच बसून राहिली,
तुझा हात नाकाशी धरून,
आणि पातेली घासायची राहिली ती राहिलीच.