कंदील आधी

मिरजेत, रेल्वे फाटकापलीकडच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
माझ्या हाताखाली सहा टाक्या आहेत.
उणे एकशे शहाण्णव.
झाकण उचललं की पांढरा धूर पायांवर उतरतो
आणि मला दर वेळी हरिपूर आठवतं,
आमची पेवं,
वर्षानुवर्षं पोटात हळद सांभाळणारी जमीन.

त्रिशला मगदूम सही करायला आल्या.
सोबत जिनेंद्र, मांडीवर कापडी पिशवी,
आणि तिसरीतली प्राची, खुर्चीत पाय हलवत.
प्राचीच्या बरोबरीचे चार गर्भ दोन नंबरच्या टाकीत आहेत.
एकाच सकाळी, एकाच काचेत तयार झालेले.
ती आठ वर्षांची.
ते अजून पाच दिवसांचे.

मुदतीला तीन महिने उरलेत. फॉर्मवर चौकोन दोनच:
नष्ट करावेत.
संशोधनास द्यावेत.

"संशोधन म्हणजे काय करतात?"
म्हटलं, आतला पुंजका काढतात,
त्यातून कुठलीही पेशी घडू शकते,
काळजाची, डोळ्याची, मणक्यातल्या दोरीची.
"आणि बाकीचं?"
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"बाकीचं राहत नाही."

"आम्ही बटाटा खात नाही, ताई," त्या म्हणाल्या,
"कंदात अनंत जीव, म्हणून.
आणि शेतात दोन एकर हळद."
हसल्या नाहीत. जिनेंद्र खिडकीबाहेर बघत राहिले.
"यात किती धरायचे?"
मला शिकवलेलं उत्तर पेशींमध्ये होतं: शंभर, सव्वाशे.
त्यांनी ते विचारलं नव्हतं.

घरी आण्णा अकरा वर्षं पाठीवर.
पेवात दोर तुटला,
कमरेखालचा माणूस तिथंच राहिला.
त्यांना हे सांगायला नको होतं. सांगितलं.
"केवढं असतंय?"
"टाचणीच्या टोकावर बसेल."
बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
"कंद त्योच असतोय पोरी.
उकडला की हळद, पुरला की बियाणं.
ठरवणारे आपण."
"तुम्हाला पाय हवेत, म्हणून असं म्हणताय."
"हवेत की. न्हाई म्हणू?"

मग मीच गप्प झाले, तेलाची वाटी शोधत.

गेल्या दिवाळीत एक सफारीवाला आला होता,
गुळगुळीत पत्रक घेऊन:
तुमच्याच पेशी, चार सुया, साडेचार लाख, हमी.
आईनं पाटल्या काढूनसुद्धा ठेवल्या होत्या.
आण्णांनी विचारलं, "पेवात उतरलायसा कधी?"
तो नाही म्हणाला.
"आधी कंदील सोडायचा असतोय खाली.
विझला, तर माणूस उतरत न्हाई.
तुम्ही माणूस सोडताय
आणि वर बसून कंदील विकताय."
चहा मात्र त्याला पाजला.

दहा दिवसांनी फॉर्म पोस्टानं आला.
संशोधनाच्या चौकोनात खूण,
आणि समासात, शाळेतल्या वळणदार अक्षरात:
कुणी विकू नये. कुणी बरं झालं तर कळवावं.

डॉक्टर म्हणाले, अट घातलेली संमती चालत नाही,
नवा फॉर्म पाठवा, हा फाडून टाका.
खरंच चालत नाही. नियम मला पाठ आहे.
नवा पाठवला.
जुना माझ्या डब्याच्या पिशवीत आहे,
हळदीचा एक डाग पडलाय त्याच्यावर, आजच.

सोमवारी नायट्रोजन मोजायचा असतो.
लाकडी पट्टी टाकीत सोडते,
दहा आकडे म्हणते, वर काढून हवेत हलवते.
जिथवर पांढरं चढतं तिथवर वाचायचं.
अकरा इंच.
वहीत लिहिते.
झाकण लावण्याआधी थोडी थांबते,
आण्णा तोंडाशी उभे राहायचे तशी,
दोर हातात,
खालचा उजेड अजून आहे का बघत.