अनुमानाची जागा

पुसनाके मॅडमनी जुने सेल मागितले,
टॉर्चचे, रेडिओचे, चाळीसेक.
पोरांनी घाटंजीचे उकिरडे पालथे घातले.
करवतीनं मी एकेक कापत बसले,
काळी भुकटी झटकून जस्ताच्या टोप्या वेगळ्या.
ॲसिड संडासाचं, पाण्यात बेतानं ओतलेलं.

मॅडमनी फळ्यावर एक जहाज काढलं,
वाळकासारखं लांबुळकं, हवेत तरंगणारं.
दोनशे पंचेचाळीस मीटर.
एक पोरगा पावलांनी मोजून आला:
शाळेच्या फाटकापासून पार बैलबाजाराच्या हौदापर्यंत.
सदतीस सालचा मे महिना, परका मुलूख,
उतरता उतरता पेटलं.
चौतीस सेकंद.
अंगावर त्याच्या कापसाचं कापड होतं, त्यावर चांदीसारखा लेप.
कापूस म्हटल्यावर मागचा बाक जागा झाला.

कुणी म्हणे, लेपच पेटला.
म्हणून आम्ही मांजरपाटाच्या पट्ट्या रंगवल्या,
खाली गेरू, वर दाराचा चंदेरी रंग,
दोन दिवस तारेवर वाळवल्या.
एक वीत जळायला तीस सेकंद.
फळ्यावर भागाकार झाला:
या चालीनं जहाज सव्वानऊ तास जळलं असतं.
आमचा रंग तो नव्हे, मॅडमनी बजावलं,
तरी सव्वानऊ तास कुठं, चौतीस सेकंद कुठं.
मग परीक्षानळीच्या तोंडाशी काडी नेली.
फट्.
ज्वाळा कुणालाच दिसली नाही,
दचकले मात्र सगळे.

आग लागली कुठून, हे उरलंच.
घातपात, असंही म्हटलं गेलं.
मॅडम म्हणाल्या, सगळं जळून गेलं की
बोट आधी माणसावर जातं.
दुसरं एक मत असं:
वरून दोर सोडले, पावसात ते भिजले,
भिजल्या दोरातून सांगाड्याची वीज जमिनीत गेली,
कापडावरची कापडावरच राहिली.
दोघांत थोडी फट.
तेवढी फट ठिणगीला पुरते.

मी नळ्या विसळत होते.
हात थांबला.

आमचा शालिक जिनात होता, सरकीपासून सुटलेली रुई
पंख्यानं ओढून नेणाऱ्या पाईपावर.
पौषात घरी येऊन सांगायचा,
"बाई, पाईपाले हात लावला का चावते मले."
आम्ही हसायचो. आई म्हणायची, रात्री स्वेटर काढला
का माह्या अंगावरही चटचट वाजते, त्यात काय?
त्या पाईपाला जमिनीत नेणारी तार होती,
ती तुटली होती दिवाळीपासून.
फिटरला माहीत होतं. फिटर आता बडनेऱ्याला असतो.

विम्याचा माणूस आला, जळल्या गंजीभोवती फिरला,
रुमाल नाकाला.
लिहिलं: मजुराची बिडी.
शालिक खर्रा खायचा.
खिशात पन्नीच सापडली, वितळून कापडाला चिकटलेली,
आत सुपारीचा कोळसा.
बिडीच्या धुरानं त्याला ठसका लागायचा,
हे सगळ्या वस्तीला ठाऊक.
कागदाला नाही.

पोरं गेल्यावर मॅडमना विचारलं,
त्या जहाजाचं शेवटी काय ठरलं?
"पक्कं असं नाही," त्या म्हणाल्या. "ठिणगी कुणी पाहिली नाही.
जास्त काय जुळतं, तेवढंच सांगता येतं."
मला वाटलं होतं, विज्ञान म्हणजे सरळ उत्तर.
पण त्या 'नाही'त
विम्याच्या कागदापेक्षा जास्त माणुसकी होती.

प्रयोगवही उघडी होती. साहित्य, कृती,
निरीक्षणात दोनच ओळी,
अनुमानाची जागा कोरी.
मॅडमनी पेन माझ्यापुढं सरकवलं.
अकरा वर्षं मी या वह्या कपाटात लावते,
आत कधी लिहिलं नाही.

निरीक्षणातच लिहिलं, तिसऱ्या ओळीत:
शालिक बिडी पीत नव्हता.

मॅडमनी वाचलं. खोडलं नाही.
खाली सही केली, तारीख टाकली.
मग आम्ही नळ्या मोजल्या, एक तडकली होती,
तिची नोंद वेगळ्या रजिस्टरात असते.